पिशोग म्हणजे अंधश्रद्धा? की करणी?

मुक्ता_ग: आयर्लंडमधल्या एका खेड्याच्या आठवणी मराठीत आणतेय आणि 'पिशोग' या आयरिश शब्दापाशी अडलेय. कोशात सरळ अंधश्रद्धा दिलंय. पण लग्नाच्या आदल्या दिवशी बाळ येशूची मूर्ती घराबाहेर ठेवली की पाऊस येत नाही हीही पिशोग, आणि कुणीतरी आपल्या गवताच्या गंजीत अंडी लपवून ठेवली म्हणून गाईचं दूध आटलं, तीही पिशोग. एकच शब्द कसा रेटू?

आप्पा_चिपळूण: अंडीवालं सरळ करणी. आपल्याकडे लिंबू, तिकडे अंडं. आणि अंधश्रद्धा हा चळवळीतला शब्द आहे, आजीच्या तोंडी घालू नका, कुठली आजी स्वतःच्या समजुतीला अंधश्रद्धा म्हणेल?

टिल्लू: पिशोग, पिसाट, पिशाच्च. मूळ संस्कृत, धागा बंद करा.

मुक्ता_ग: टिल्लू, असं कानाला लागलं की लगेच संस्कृत का?

वैद्यबाई: 'शकुन-अपशकुन' घ्या की, शुद्ध आणि जुना. एकटा मॅगपाय पक्षी दिसला की दुःख, दोन दिसले की आनंद, मासेमारीला निघताना लाल केसांची बाई समोर आली की कोळी माघारी, हे अपशकुनच ना?

आप्पा_चिपळूण: शकुन आपोआप होतो वैद्यबाई, करणी कुणीतरी करतं. गंजीत अंडी काय आपोआप उगवली?

डब्लिनकर: इथे 'त्या जुन्या पिशोगा' असं हसून पण म्हणतात, म्हणजे 'खुळं' जवळ जातं. पण हसणाऱ्याला सांगा रानातलं एकटं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोड, कुऱ्हाड लावणार नाही, ते परीलोकांचं. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटूनला असलं एक झाड हायवेत जाणार होतं, एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने रान उठवलं आणि झाड वाचलं. अजून एक, शेतात ठराविक ढेकळावर पाय पडला की माणूस तिथेच गरगरत राहतो, ओळखीचं फाटकसुद्धा सापडत नाही, उपाय म्हणजे कोट उलटा करून घालायचा.

आप्पा_चिपळूण: अहो हा तर चकवा!! आमचे काका रात्रभर एकाच बांधाला फेऱ्या मारत होते.

वैद्यबाई: आमच्याकडे चकवा लागला की गप खाली बसायचं म्हणतात.

टिल्लू: विडी पेटवायची. काकांनी सदरा उलटा करून बघितला का पण?

मुक्ता_ग: मंडळी, पिशोग?

आप्पा_चिपळूण: सदरा नव्हताच, उघडे होते. चकव्याचा वेगळा धागा काढू का?