अनुभव धागा : पायी फिरून पाहिलेलं मोठं शहर

आपल्या भागातली माणसं नागपूरला किती वेळा जातात, त्याची मोजदाद नाही. दवाखाना, कोर्टाची तारीख, पोरांची अॅडमिशन, संत्र्याची गाडी. कुणी मुंबईला जातं ते पेपर द्यायला, नाहीतर मंत्रालयात. काम झालं की सरळ मोर भवन नाहीतर गणेशपेठचं स्टँड. शेवटची एसटी चुकली तर रात्र कुठं काढायची, हाच घोर मनाला. शहर पाहायला म्हणून आपल्यातलं कुणी जात नाही. तरी मधल्या रिकाम्या तासांत, तारीख लांबली म्हणून, रिपोर्ट चारला मिळणार म्हणून, काहीजण पायी भटकलेच असतील. त्यांनी काय पाहिलं ते इथं लिहावं. मोठं लिहा, छोटं लिहा, बोलता तसं लिहा.

सुरुवात मी करतो. मी काटोल तालुक्यातला. लहानपणी बाबांसोबत संत्रा मार्केटला यायचो. बाबा म्हणायचे, "ढिगापाशी बस, हलू नको." त्यामुळं चाळीस वर्षं माझं नागपूर म्हणजे संत्रा मार्केट आणि त्याच्या लागूनचं रेल्वे स्टेशन. दोन वर्षांपूर्वी जमिनीच्या कामाला गेलो. सकाळी दहालाच कळलं, साहेब तीनला बसतील. पाच तास हातात. निघालो पायी.

स्टेशनची इमारत मी शेकडो वेळा पाहिली होती, पण समोर उभं राहून वर मान करून पहिल्यांदाच पाहिली. तांबूस दगडाची, १५ जानेवारी १९२५ ला सुरू झालेली. रेल्वे मात्र नागपूरला १८६७ सालीच पोचली होती. तिथून झिरो माइलला गेलो. चार घोडे आणि वाळूच्या दगडाचा खांब सगळ्यांना माहीत आहे, फोटो सगळेच काढतात. मी शेजारचा दगड वाचत बसलो. तो १९०७ चा, इंग्रजांच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला. समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. आणि चहूबाजूंनी गावांची अंतरं. चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल. आमचे सोयरे अर्धे छिंदवाड्याकडचे. सोयऱ्यांच्या गावचं नाव शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीनं कोरून ठेवलंय, हे पाहून मी तिथून हललोच नाही बराच वेळ. तीनला साहेब आले नाहीत. मला त्या दिवशी राग आला नाही.

सावनेरहून

काटोलचे भाऊ, स्टेशनचा तो तांबूस दगड आमचा आहे! सावनेरकडचा. आमच्या घरी आजोबा सांगायचे की आपल्या खाणीचा दगड नागपूरच्या टेशनाला लागला. आम्हाला वाटायचं, म्हातारा बढाई मारतो. मोठा झाल्यावर वाचनात आलं तेव्हा आजोबा नव्हते. आता स्टेशनवर उतरलो की भिंतीला एकदा हात लावूनच बाहेर पडतो.

नागभीडकडून

मी नागभीडजवळच्या खेड्यातली. आमची छोटी गाडी, नॅरोगेजची, थेट इतवारीला उतरवायची. २०१९ ला ती बंद झाली, मोठ्या रुळासाठी. त्या गाडीमुळं इतवारीचं स्टेशन तेवढं ओळखीचं होतं.

मागच्या साली आत्याबाईंना, म्हणजे सासूला, नागपूरला भरती केलं. बावीस दिवस. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही पाच-सहा गावच्या बाया सतरंज्या टाकून झोपायचो. पहाटे पाचला झाडूवाल्या उठवून द्यायच्या, आणि डॉक्टर नऊशिवाय यायचे नाहीत. चौथ्या दिवशी मी आत्याबाईंना म्हटलं, "चहा पिऊन येतो." त्या म्हणाल्या, "जा, पण सांगून जा कोठं चालली." मी म्हटलं, महालाकडं.

महाल म्हणजे नागपूरची जुनी वस्ती. पहाटेचा महाल मी कधी विसरणार नाही. दुकानं बंद, गायी रस्त्याच्या मधात बसलेल्या. वाड्यांच्या लाकडी दारांवरची नक्षी दिवसा गर्दीत दिसत नाही, तेव्हा दिसते. एका दारासमोर एक आजी सडा टाकत होत्या. मी थांबले तर त्याच म्हणाल्या, "आत ये, चौक पाहून घे." आत दगडी चौक, मधात तुळस, वर गॅलरी. चहा दिला त्यांनी.

मग गांधी गेट. म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. मी चंद्रपूर जिल्ह्याची. आमच्याकडं चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे, जटपुरा गेटमधून अख्खी वाहतूक जाते. त्यामुळं असं एकटं उरलेलं दार दिसलं की मला लगेच कळतं, याच्या दोन्ही बाजूंना भिंत होती. चहाच्या टपरीवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "भोसल्यांच्या आधीचं आहे हे, गोंडांचं."

मी गोंड आहे. शाळेत नागपूर म्हटलं की रघुजी भोसल्यांपासून सुरुवात व्हायची. त्या दिवशी मोबाइलवर शोधलं, नंतर तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तक आणून नीट वाचलं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, त्यानं १७०२ च्या सुमाराला बारा वाड्या जोडून हे शहर वसवलं. राजापूर बारसा म्हणत त्या वाड्यांना. त्याच्या मुलानं, चांद सुलताननं, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. हे सगळं मला दवाखान्याच्या मुक्कामात समजलं. त्यानंतर रोज पहाटे तलावाला एक फेरी व्हायची. तलावाच्या पाळीवर ज्या बायका चालायला येत त्या ओळखीच्या झाल्या. आत्याबाईंना सुट्टी झाली त्या दिवशी ऑटोवाल्याला सांगून तलावावरून गाडी नेली. त्या म्हणाल्या, "हेच का तुझं रोजचं चहाचं ठिकाण?"

दारव्ह्याहून

मी दारव्ह्याचा. आमच्या इकडं शकुंतला व्हती, यवतमाळ-मूर्तिजापूर. आपल्या भागातला कापूस उचलाले विलायती कंपनीनं टाकलेली लाइन. आता रूळ गवतात गेले.

दोन साल आधी पेपर द्याले मुंबईले गेलो. पेपर बारा वाजता सुटला, विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळची. सोबतचे पोट्टे मॉलमंदी गेले. मी सीएसएमटीपासून पायी निघालो. मले एकच गोष्ट पायाची व्हती. लहानपणापासून मी बाबाले इचारत व्हतो, "बाबा, आपला कापूस कोठी जाते?" बाबा म्हणे, "व्यापाऱ्याकडं." तेथून? "जिनिंगमंदी." तेथून? तं बाबा म्हणे, "मंग मले काय मालूम, गाठी बांधतात अन् मुंबईले धाडतात."

हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कलले गेलो. आता तेथी गोल बगीचा आहे, झाडाईखाली लोक डबे खातात. पहिले हे मोकळं मैदान व्हतं, अन् कापसाच्या गाठी तेथंच रचून ठेवत. १८४४ मंदी हा धंदा कुलाब्याले नेला. मंग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस इंग्लंडले जाणं थांबलं, अन् आपल्याकडच्या कापसाचा भाव असा चढला का मुंबईत पैसा मावे ना. लढाई सरली, भाव कोसळला, कितीक पेढ्या बुडाल्या. हे मी आधी पेपरच्या अभ्यासात वाचलं व्हतं, चार ओळीत. तेथी त्या दगडी इमारतीच्या सावलीत उभं रायलो तेव्हा ध्यानात आलं. भाव पडला का काय होते हे आमच्या घरात कोणाले शिकवा लागत नाई.

मंग हार्बरच्या लोकलनं कॉटन ग्रीनले उतरलो. कापसाचा बाजार कुलाब्याहून शेवटी इकडं आणला, म्हणून टेशनचं नाव असं. टेशनाबाहेर जुन्या कापूस बाजाराची इमारत अन् मांगं गोदामंच गोदामं. रस्ता सुना. गोदामाच्या भिंतीलागून अर्धा तास चाललो तरी सरे ना. तेथूनच बाबाले फोन लावला.

"बाबा, गाठी ठेवाची जागा पायली."

बाबा काही बोलेच ना. मंग म्हणे, "केवढी आहे?"

"आपल्या गावाहून मोठी, बाबा."

"फोटो काढ," म्हणे. "सगळ्या बाजूनं काढ."

हिंगणघाटहून

दारव्ह्याच्या भावाचं वाचून राहवलं नाही. सगळ्या गाठी मुंबईला जात नव्हत्या. नागपुरातच एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली म्हणून ते नाव. मुंबई सोडून नागपूर निवडलं कारण कापूस पिकतो तिथंच गिरणी असावी हा त्यांचा हिशोब. जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. भरणी टाकायला पैसा मागितला तेव्हा एका सावकारानं नकार दिला, हा माणूस जमिनीत सोनं गाडतो आहे म्हणून. पुढं त्याच सावकारानं कबूल केलं की यानं माती टाकली आणि सोनं काढलं. मिल २००२ ला बंद पडली. माझे मोठे काका तिथं साच्यावर, म्हणजे मागावर होते. मागच्या दिवाळीत त्यांना घेऊन गेलो, तर आता तिथं मॉल. काका पार्किंगमध्ये पावलं मोजत फिरले आणि एका जागी थांबून म्हणाले, "इथं माझा साचा."

पवनीहून

पोळ्याच्या पाडव्याला एकदा तरी इतवारीत पायीच जा, गाडी शिरतच नाही. आमच्या गावी पहाटे पळसाच्या फांद्या घेऊन शिवेबाहेर टाकतो आणि ओरडतो, "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" तीच हाळी नागपूरच्या चार मजली इमारतींमधून घुमते तेव्हा अंगावर काटा येतो. मारबत म्हणजे मिरवणुकीत काढतात तो मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. दोघींची भेट होते तेव्हा जी गर्दी उसळते तिच्यात लहान पोरांना नेऊ नका.

सेलू, जिल्हा वर्धा

माझी आजी १९५६ ला पायी गेली होती नागपूरला. सेलूहून बुटीबोरीवरून, दोन दिवस. पांढरं लुगडं गाठोड्यात बांधून नेलं आणि शहराच्या वेशीवर नेसली, मळू नये म्हणून. १४ ऑक्टोबरचा तो दिवस ती मरेपर्यंत सांगायची. बाबासाहेबांचा आवाज ऐकू आला पण दिसले नाहीत, एवढी माणसं.

मी दरवर्षी जाते, पण बसनं. तीन वर्षांमागं ठरवलं, निदान अजनी स्टेशनपासून तरी पायी जायचं, आणि गर्दीच्या दिवशी नाही. एका साध्या मंगळवारी गेले. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, १२० फूट उंच आणि तेवढाच रुंद, हे अशोक विजयादशमीला गर्दीत समजतच नाही. त्या दिवशी आत आम्ही आठ-दहा जण. एका बाळानं हाक मारली तर ती घुमटाला फिरून परत आली. बाहेर बोधिवृक्षाखाली बसले. त्याचं रोप श्रीलंकेतल्या अनुराधापुराहून आणलेलं.

तिथून तशीच चालत बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला आले. धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेब उतरले होते ते श्याम हॉटेल बर्डीतलं. दुकानादुकानांत विचारत फिरले. दोघांनी मान हलवली. तिसरे गृहस्थ चष्म्याचं दुकान सोडून माझ्यासोबत चालत आले आणि जागा दाखवली. आजीला हे सांगायचं राहिलं.

आर्वी तालुक्यातून

सीताबर्डीच्या किल्ल्याबद्दल कामाचं सांगतो. तो लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशीच उघडतो. मी आधी एकदा असाच मधल्या दिवशी जाऊन दारातून परत आलो. ओळखपत्र ठेवा, आणि १ मेला जायचं तर सकाळीच, दहानंतर दगड तापतो.

गेल्या २६ जानेवारीला बाबांना नेलं. दोन टेकड्या, मोठी आणि लहान, मधात खिंड. १८१७ च्या नोव्हेंबरात याच टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज सुमारे अठरा तास लढले. लहान टेकडी भोसल्यांकडच्या अरबांनी घेतली होती, ती पुन्हा गेली आणि लढाईच फिरली. वर उभं राहिलं की डोळ्यानंच समजतं, पुस्तक नको.

बाबांचं लक्ष दुसरीकडंच. ते म्हणाले, "नागपूरला नाव दिलं ती नाग नदी कुठं आहे?" खाली उतरून पुलावर नेऊन दाखवली. काळं पाणी, वास. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. शेतकरी माणूस, त्यांना ते सोसेना. म्हणाले, "निघते कुठून ही?"

पावसाळ्यात एका रविवारी वाडीच्या पुढं लाव्याकडच्या टेकड्यांत गेलो. गुराख्याला विचारत विचारत. गवतातून बोटभर धार वाहत होती, खडे दिसतील इतकी स्वच्छ. बाबांनी चपला काढल्या, पाण्यात पाय ठेवले आणि विचारलं, "इथून हिच्या काठाकाठानं अंबाझरी किती लागंल?"

पावणेआठला चालायला लागलो.