चलान नेमके कोणाला पोहोचते?

वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे चौकातली चिरीमिरी थांबेल, असे मत मांडले जाते आणि ते मला मान्य आहे. यंत्र ओळखपाळख पाहत नाही आणि ‘साहेब, जाऊ द्या’ हेही ऐकत नाही. अडचण मात्र चौकात नसून नोंदणीच्या कागदात आहे. गेल्या वर्षी जळगावात माझ्या नावावर ई-चलान निघाले. छायाचित्रात एमएच १९ क्रमांकाची माझीच जुनी दुचाकी होती, मागे केळीचे दोन घड बांधलेले आणि चालकाच्या डोक्याला हेल्मेटऐवजी रुमाल. ती गाडी मी दोन वर्षांपूर्वीच यावलकडच्या एका गृहस्थांना विकली होती, पण नाव बदलण्याचे काम दोघांनीही उद्यावर ढकलले होते. चूक माझीच, हे कबूल. परंतु चलानाचा संदेशही मला आला नाही, कारण नोंदणीला एजंटाचा मोबाईल क्रमांक लावलेला होता.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७अ या नियमानुसार उल्लंघनाची नोटीस १५ दिवसांत पाठवावी लागते, कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक रस्त्यावर ठळक लावावा लागतो आणि यंत्राचे मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. नोटीस भलत्याच माणसाच्या मोबाईलवर जात असेल, तर त्या १५ दिवसांना काय अर्थ उरतो? म्हणून धुळे-जळगावात नवे कॅमेरे बसवताना परिवहन कार्यालयांनी तालुक्याच्या आठवडे बाजारांत शिबिरे घेऊन मोबाईल क्रमांक आणि मालकीची नोंद जागेवरच दुरुस्त करून द्यावी.