डिप्लोमानंतरची पहिली मुलाखत: "अनुभव किती?" विचारल्यावर

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड या कारखान्यांच्या पट्ट्यात क्वालिटीच्या (तयार माल तपासणाऱ्या विभागाच्या) ट्रेनी जागेसाठी जाणारी मेकॅनिकलची मुलं या एका प्रश्नानेच खचतात. तयारी नेमकी कशी करावी, जाणकारांनी लिहावं.

● "काहीच नाही सर" हे उत्तर आधी बंद करा. इनप्लांट ट्रेनिंग, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, सगळं सांगता येतं, पण आकड्यांत. नुसत्या "इन्स्पेक्शन शिकलो" ला वजन नाही. कुठला पार्ट, ड्रॉइंगवरची किती मापं तपासली, कशाने, तासाला किती नग, रिजेक्शन कशामुळे आलं, हे एका पानावर लिहून काढा आणि चार वेळा मोठ्याने म्हणा. न केलेलं काम लिहू नका, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

● बऱ्याचदा टेबलावर मायक्रोमीटर (जाडी-व्यास बारीक मोजायचं साधन) ठेवलेला असतो. लीस्ट काउंट (साधनावर वाचता येणारं सर्वांत लहान माप) 0.01 मि.मी. हे सगळ्यांना पाठ असतं, गडबड होते ती हात लावल्यावर. आधी दोन्ही तोंडं पुसा, मिटवून शून्य बघा. मिटल्यावर 0.02 दाखवत असेल तर तेवढं रीडिंगमधून वजा करायचं. शेवटी रॅचेटनेच (टोकाची टिकटिकणारी छोटी मूठ) आवळा, दोन-तीन टिकटिक झाल्या की थांबा. थिंबल (फिरवायची नळी) जोराने पिळलं की माप कमी येतं, आणि समोरचा नेमका तुमचा हात बघत असतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न: 25 एच7 चं होल (25 मि.मी. व्यास, एच7 हा टॉलरन्सचा वर्ग) कशाने मोजाल? टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते +0.021 मि.मी. व्हर्निअरचा लीस्ट काउंटच 0.02, म्हणजे अख्खी टॉलरन्स जवळजवळ एका घरात संपली. म्हणून होलचा आतला व्यास बारीक मोजणारं बोअर गेज. नग भरपूर असतील तर प्लग गेज, म्हणजे होलमध्ये घालून बघायची दांडी, एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो': 'गो' गेला नाही तर होल लहान, रीवर्क होऊ शकतं, 'नो-गो' शिरला तर होल मोठं, नग बाद. हे कारणासकट सांगितलंत की अनुभवाचा मुद्दा बराच मागे पडतो.

● वरच्यात एक भर. एखादी गोष्ट माहीत नसेल तर मान खाली घालून गप्प बसू नका. "पीपीएपी वाचलंय, हाताळलेलं नाही, कंट्रोल प्लॅन मात्र लाइनवर बघितलाय," असं सरळ सांगा (पीपीएपी म्हणजे पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची कागदपत्रं, कंट्रोल प्लॅन म्हणजे काय, कसं तपासायचं याचा तक्ता). इंग्रजी अडलं तर विचारून मराठीत बोला.

● अप्रेंटिसशिपचं वर्ष काही ठिकाणी अनुभवात धरत नाहीत. हे मुलांच्या फार जिव्हारी लागतं, पण तिथे वाद घालून उपयोग नाही. सर्टिफिकेटवर कामाचा तपशील फारसा नसतो, म्हणून कुठल्या सेक्शनला किती महिने आणि कोणती गेजेस वापरली, असं इन्चार्जच्या सहीचं पत्र सुटण्याच्या महिनाभर आधीच मागून ठेवा. एकदा गेटपास जमा केला की त्या सहीसाठी फार हेलपाटे पडतात.