मदत हवी आहे : उलटतपासच झाला नाही, आता काय करता येईल?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावावर २०२३ पासून कलम ३०७ चा (खुनाचा प्रयत्न) खटला सत्र न्यायालयात चालू आहे. तो तुरुंगात आहे. जखमा तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होती त्या दिवशी आमचे वकील आलेच नाहीत, ज्युनिअरने 'उलटतपास नाही' म्हणून सांगितलं. ही जखम पडूनही होऊ शकते का, एवढंही कुणी विचारलं नाही! आमचा सगळा बचाव त्यावरच होता. पुढच्या तारखेला कलम ३१३ चा, म्हणजे पुराव्यावर न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात तो, जबाब आहे.

कलम ३११ खाली डॉक्टरांना परत बोलवायला वकिलांचा हलगर्जीपणा हे कारण न्यायाधीश मानतात का? जुने वकील एनओसी (ना-हरकत) देत नाहीत, मग नवं वकीलपत्र कसं दाखल करायचं? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे (सरकारी मोफत कायदा मदत) वकील इतक्या उशिरा खटला घेतात का? बार कौन्सिलकडे तक्रार नंतर करू, आधी भाऊ. माहीतगारांनी कृपया लवकर सांगा.