कान्हेरीत वरपर्यंत चढा
कुणीतरी लिहिलंय की पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नुसती गर्दी, बाकी काही नाही. रविवारी अकराला गेलात तर दुसरं काय दिसणार! आठवड्यातल्या सकाळी पार्कातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना जा (सोमवार सोडून, पार्क बंद असतं). बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी (बौद्ध प्रार्थनागृह) फोटो काढून परततात. तुम्ही कातळातल्या पायऱ्यांनी वर चढा. जवळजवळ प्रत्येक लेण्यालगत पाण्याचं टाकं कोरलंय, आणि खडकावरून येणारं पाणी त्यात वळवायला पन्हळी. हे भर पावसातच कळतं. शेवाळ बेक्कार असतं, साध्या चपला नकोत. कारवीच्या झुडपांची फुलं मात्र विसरा. आठ वर्षांनी फुलते, २०२४ ला फुलली, आता थेट २०३२. आणि माकडांसमोर वेफर्स काढू नका प्लीज.