बिडाच्या पाइपावर तपकिरी डाग का फुटतात

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाइपाला पांढरा रंग दिला तरी तपकिरी डाग येतात, काय करू, असं एका भाऊंनी विचारलंय. खरवडून, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मारून, वर ऑइल पेंटचे दोन हात द्या, हा त्यांना मिळालेला सल्ला गंजासाठी अगदी बरोबर आहे. पण भाऊ, पांढऱ्या रंगातून महिन्याभरात डाग वर आले म्हणता, तो गंज नसावा. जुन्या बिडाच्या पाइपांना कारखान्यातच डांबराचा थर दिलेला असायचा. ऑइल पेंटमधलं टर्पेंटाइन त्याला विरघळवतं आणि तो वर झिरपतो. आमच्या अमळनेरच्या घरी हेच झालं, तीनदा रंगवूनही. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं पाइपावर घासून बघा. काळपट तपकिरी उतरलं तर डांबरच. मग आधी अॅल्युमिनियम पेंटचा, म्हणजे चंदेरी रंगाचा हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच हवा तो रंग. आमच्याकडे त्यानंतर डाग आला नाही.

आणि आपल्या खान्देशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढूच नका. तापलेल्या लोखंडावर रंग वरून सुकतो, आत ओला राहतो, मग फोड येतात. दिवाळीनंतर, पाइपावर सावली असताना रंगवा. भिंतीकडची बाजू मात्र विसरू नका, पाइप सडतो तो तिथूनच. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा.