मागे इंजिन असलेल्या बग्गीचा क्लच पुन्हा पुन्हा जड होतोय (इंदूर)

सांवेररोडकर: शेतावर फिरवायला बग्गी बांधलीय. पाइपची चेसिस, मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट सीटच्या मागे. रस्त्यावर काढत नाही, त्यावरून भांडू नका. मूळ केबल पुरत नाही, म्हणून लांब बनवून घेतली. ती टाकीला वळसा घालून मागे जाते. नवी केबल टाकली की क्लच हलका, महिनाभरात इतका जड की नांगरलेल्या काळ्या मातीत पाय थरथरतो. मिस्त्री एकच बोलून राहिलाय, "भैया, प्लेट बदलवा लो." इंजिन उतरवायच्या आधी काय तपासू?

जुनीजीप: प्लेट झिजली की क्लच जड होतो खरा, पण मग नव्या केबलने हलका झाला नसता. गिअरबॉक्सकडचं टोक सोडून पेडल दाबा. हलकं लागलं तर केबल ठीक, दोष मागे.

वाइंडिंगवाले काका: एवढ्यावर केबलला सोडू नका. ओझं नसताना खराब केबलही सरकते. ताण आला की तार वळणावर आऊटरला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, घासते. वळणं जितकी जास्त, तितकं घर्षण. पण वळणं तर पहिल्या दिवसापासून आहेत, मग महिन्यानेच का बिघडतं?

हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडेपर्यंत मी तिथे विजेच्या मोटारी सांभाळल्या, म्हणून माझा संशय विजेवर. इंजिन रबराच्या माऊंटिंगवर असेल, तर त्याला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी आहे का? नसेल तर सेल्फचा करंट बॅटरीकडे परतायला क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल धरतो. तार तापते, आतली नायलॉनची नळी वितळते. गाडी न्यूट्रलला ठेवा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर समजा.

सांवेररोडकर: काका, २.१ आलं! बॅटरी पुढे, निगेटिव्ह चेसिसला. इंजिनला काहीच नाही. काढून ठेवलेली केबल कापली, नळी तारेला चिकटलीय. पट्टी किती जाड घेऊ?

वाइंडिंगवाले काका: वेल्डिंगची २५ चौरस मिमीची केबल घ्या, दोन्ही टोकांना लग (बोल्टात बसणारी धातूची कडी) दाबून. बोल्टखालचा रंग खरवडा, नाहीतर पट्टी नुसती शोभेला. आत्ता बसवलेली केबलही बदला. वितळलेली नळी तेलाने सुटत नाही. आणि ॲक्सिलरेटरची केबल आजच बघा, ती अडकली तर क्लचपेक्षा वाईट.

जुनीजीप: माझ्या जीपची पट्टी बघायला चाललो.